युरोपातील आमचा बसप्रवास
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या तरुणांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात आम्ही प्रवासावर चार शब्द बोलावेत अशी चालकांची इच्छा समजली तेव्हा आम्हांस प्रथम संकोचच वाटला. प्रवासवर्णन ऐकविणारा मनुष्य हा बहुधा स्वतःचीच आरती ओवाळीत असतो, आणि ऐकणाऱ्यांस जांभया आवरणे कठीण जाते. तथापि चालकांनी आग्रह धरला, व ‘काय पाहिले ते सांगू नका, काय घडले ते सांगा’ अशी सूचनाही केली. ती आम्हांस मानवली. तेव्हा राजवाडे, मनोरे आणि चित्रशाळा आम्ही आज वगळणार आहोत. त्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिलेलीच आहेत.

2001 सालच्या जून महिन्यातील ही हकीकत आहे. शिक्षणानिमित्त आम्ही एक वर्ष लंडनमध्ये होतो. वय तेवीस, खिशात शिल्लक बेताची. लंडनहून निघून चौदा दिवसांत युरोपातील सहा-सात देश दाखवून परत आणणाऱ्या तरुणांच्या बससहली तेथे फार. अशा सहलींची प्रथा 1960 नंतरच्या दशकात वाढली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील मुले घरापासून इतकी दूर आलीच आहोत तर सारा युरोप पाहून घेऊ, या हिशेबाने त्यांत भरती होत. त्याही पूर्वी, 15 एप्रिल 1957 रोजी, ‘इंडियामन’ नावाची बस 20 उतारू घेऊन लंडनहून निघाली व 5 जूनला चक्क कलकत्त्यास पोहोचली. भाडे 85 पौंड. इराण आणि अफगाणिस्तान येथे 1979 मध्ये जी उलथापालथ झाली तिने तो खुष्कीचा मार्ग बंद पाडला. आमची सहल त्या मानाने अगदीच सुखवस्तू. तंबूत निजावे, बारी लावून भांडी घासावी, आणि सकाळी ठरलेले एकच गाणे बसच्या कर्ण्यातून वाजू लागले की उठून बसावे. ते गाणे आम्हांस आजही ऐकवत नाही.

आम्ही एकंदर अडतीस होतो. बहुतेक ऑस्ट्रेलियाचे व न्यूझीलंडचे, काही कॅनडाचे. भारतीय आम्ही एकटेच. बरोबर एक बसचालक, एक स्वयंपाकी आणि एक प्रवासनायिका. ती आम्हांहून फार तर चार वर्षांनी मोठी असेल, परंतु तिचा दरारा एखाद्या मुख्याध्यापिकेसारखा होता. रोज जागा बदलून बसावे असा तिचा नियम होता, म्हणून फळ्यावर नावांची यादी लावलेली असे. त्या यादीमुळेच ओळखी झाल्या. एरव्ही प्रत्येकजण आपापल्या देशबांधवाशेजारी जाऊन बसला असता, आणि आम्ही कोणाशेजारी बसणार होतो?

डोव्हरहून आगबोटीने कॅलेस उतरलो. तेथे आमच्या पासपोर्टवर शिक्का बसला. त्यानंतर बेल्जम, हॉलंड, जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, इतक्या देशांत शिरताना पासपोर्ट कोणी मागितला नाही. ऑस्ट्रियातून इटलीत उतरताना ब्रेनरची खिंड लागते. ती सुमारे 1,370 मीटर उंच आहे. ज्या खिंडीसाठी पूर्वी सैन्ये झुंजली तेथील चौक्या ओस पडल्या होत्या. नाणी मात्र प्रत्येक देशाची निराळी. युरो कागदोपत्री 1999 पासूनच होता, परंतु हातात पडावयास 1 जानेवारी 2002 उजाडावयाचा होता. म्हणून गिल्डर, मार्क, शिलिंग, लिरा असे सारे प्रकार आम्ही एका आठवड्यात हाताळले. रोममध्ये कॉफीच्या एका पेल्यास दीड हजार लिरा मोजले तेव्हा आमच्या पोटात गोळाच उठला. मागाहून हिशेब केला तो जेमतेम पाऊण युरो.

एका ठिकाणाविषयी मात्र बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. म्युनिचजवळ डाखाऊ येथे नाझींनी 1933 साली बंदीछावणी उघडली, ती आम्ही पाहिली. त्या सकाळी बसमध्ये थट्टामस्करी चालली होती. ज्येष्ठांपैकी काहींस ठाऊक असेल, त्या छावणीत धर्मगुरूंसाठी निराळ्या बराकी होत्या. सुमारे 2,700 धर्मगुरू व धर्मसेवक तेथे कोंडले गेले. बहुसंख्य कॅथलिक, आणि त्यांतही पोलंडचे अधिक. हॉलंडचे कार्मेलमठवासी टायटस ब्रँड्समा यांचा अंत 1942 साली तेथेच झाला. 2022 मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. आता त्या बराकींच्या जागी नुसते चौथऱ्यांचे आखीव चौकोन व खडी आहे. परत बसमध्ये बसलो तेव्हा दुपारपर्यंत कोणी गाणे लावा म्हटले नाही. बससहलीतील पोरे म्हणजे उनाड, असा समज असणाऱ्यांनी ती दुपार पाहावयास हवी होती.

असो. आता मुख्य गोष्टीकडे वळतो. ती आमच्या मोठेपणाची नाही.

आमच्या मंडळीत न्यूझीलंडचा एक सुतार होता. हातात कसब, तोंडात हसू, आणि घड्याळाशी जन्माचे वैर. व्हेनिसमध्ये तो वीस मिनिटे उशिरा आला. रोममध्ये सकाळी निघण्याच्या वेळी चाळीस मिनिटे त्याचा पत्ता नव्हता. त्या रात्री तंबूंपाशी सर्वांची बैठक बसली. तीत आम्ही उठून भाषण केले. एकासाठी सदतीस जणांनी का थांबावे? ठरल्या वेळी बस सुटलीच पाहिजे. जो राहील त्याने आपला मार्ग आपण शोधावा! युक्तिवाद बिनतोड होता, टाळ्याही पडल्या आणि तसा नियम संमत झाला. तो सुतार मान खाली घालून हसत होता. आम्हांस वाटले, याला लाज कशी ती नाही.

रोमनंतर फ्लॉरेन्स, आणि तेथून तिसऱ्या दिवशी स्वित्झर्लंडमधील लुसर्न. मिलानभोवतीच्या कोंडीत दोन तास गेले व दुपार कलल्यावर आम्ही कोमोपलीकडील नाक्यावर आलो. स्वित्झर्लंड त्या वेळी शेंगेन करारात सामील झालेले नव्हते. म्हणून कॅलेनंतर प्रथमच पासपोर्ट गोळा झाले. सदतीस तत्काळ परत आले. आमचा आला नाही. आम्हांस खाली बोलावले.

इटालियन अधिकारी सभ्य गृहस्थ होता. शिक्का त्याने हातात उचलून धरला होता. त्याने विचारले, “स्वित्झर्लंडनंतर कोठे जाणार?”

आम्ही म्हणालो, “फ्रान्सला. पॅरिसला.”

त्याने शिक्का खाली ठेवला, आणि आमच्या व्हिसावरील एका लहानशा रकान्यावर बोट ठेवले. किती वेळा प्रवेश, याचा तो रकाना होता. तेथे ‘01’ असा आकडा होता. स्वित्झर्लंडचा व्हिसा आमच्यापाशी स्वतंत्र होता, तेव्हा पुढे जाण्यास हरकत नव्हती; परंतु एकदा इटलीबाहेर पडल्याचा शिक्का बसला की तो एकमेव प्रवेश संपला, आणि फ्रान्सच्या हद्दीवर आम्हांस कोणी आत घेणार नव्हते. लंडनच्या ज्या दुकानात सहलीचे पैसे भरले तेथील कारकुनाने अर्ज भरताना एका प्रवेशाच्या चौकोनात खूण केली होती. मार्ग स्वित्झर्लंडमधून जातो हे त्यांच्याच पत्रकात छापलेले होते! दोष त्यांचा खराच, परंतु अर्जाखाली सही आमची होती, आणि ती आम्ही न वाचता ठोकली होती. त्या अधिकाऱ्याचे उपकार असे की शिक्का मारण्यापूर्वी त्याने विचारले. मारून टाकता तर आम्ही आल्प्समध्ये अडकून पडतो.

प्रवासनायिकेने नकाशा काढला. उपाय एकच होता. आम्ही मागे फिरून मिलान गाठावे, तेथून इटली व फ्रान्स यांमधील थेट आगगाडीने पॅरिसला जावे, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तेथील तंबूंच्या तळावर मंडळीस मिळावे. तिने बसचालकाकडे पाहिले. त्याने मुकाट्याने आपल्या समोरील यंत्र दाखविले. अशा बसमध्ये टॅकोग्राफ नावाचे यंत्र असते. त्या वेळी त्यात कागदाची तबकडी फिरे व चाके केव्हा चालली, केव्हा थांबली, हे तीवर रेखले जाई. साडेचार तास हाकल्यावर पाऊण तास विसावा, दिवसास नऊ तास, आठवड्यातून दोनदाच दहा, आणि रात्री अकरा तासांची विश्रांती, असा तेथील कायदा. सकाळच्या कोंडीने त्याची सवड खाऊन टाकली होती. तो म्हणाला, “फार तर पंधरा मिनिटे.” एकासाठी सदतीस जणांनी का थांबावे, हे आम्हांस कोणी ऐकविले नाही. ऐकविले असते तर कदाचित बरे वाटले असते.

आम्ही बसच्या पोटातून आपली पिशवी काढली. पैसे मोजले. प्रवासी हुंड्या होत्या, परंतु त्या वटविण्यास पेढी हवी आणि दुपार टळून गेलेली. वर पाहतो तो सुतार बसमध्ये आपली कापडी टोपी उलटी धरून एकेका आसनापुढे फिरत होता. इटली सोडताना प्रत्येकाच्या खिशात लिरांची मोड होतीच, व पुढच्या देशात ती कोणी घेणार नव्हते. काहींनी मोडीबरोबर नोटाही टाकल्या. तो खाली उतरला व टोपी आमच्या हातांत ओतू लागला. मागाहून मोजले तो एक लाख साठ हजार लिरा भरले. आयुष्यात आम्ही लक्षाधीश झालो ते त्या नाक्यावर, आणि पुन्हा कधी नाही. त्याने आपले टेलिफोनचे कार्डही दिले, पॅरिसच्या तळाचा पत्ता मनगटावर शाईने लिहून दिला (“कागद हरवतात,” म्हणाला), आणि बसमध्ये चढणारा तो शेवटचाच होता. नायिकेने त्यास दोनदा हाका मारल्या.

बस गेली. हद्दीवरच्या त्या डांबरी मैदानात, मालमोटारींच्या रांगांमध्ये आम्ही एकटे उभे होतो. भय वाटले काय असे कोणी विचारील, तर होय, वाटले.

त्याच अधिकाऱ्याने कोमोकडे जाणाऱ्या एका मोटारीत आमची सोय लावून दिली. रात्र मिलानच्या अवाढव्य स्थानकात पिशवीवर डोके ठेवून काढली, व सकाळी टोपीतील लिरांनी पॅरिसचे तिकीट काढले. ट्यूरिननंतर गाडी आल्प्समध्ये शिरते. तेथे मों-सनीचा म्हणून प्रसिद्ध असलेला, सुमारे 13 किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. तो 1871 साली खुला झाला. मुंबईशी त्याचे जुने नाते आहे. लंडनचे टपाल या बोगद्यातून आगगाडीने ब्रिंदिसी बंदरास व तेथून आगबोटीने सुवेझमार्गे मुंबईस येत असे. आपल्या पणजोबांच्या काळची विलायती पत्रे ज्या वाटेने आली, त्याच वाटेने आम्ही उलट जात होतो. परंतु हा विचार सुचला तो बोगदा संपल्यावर. आत असताना मनात एकच होते, पलीकडे मोदान स्थानकात फ्रेंच पोलीस येतील. ते आले. व्हिसा पाहिला, तो रकानाही पाहिला असावा, आणि पासपोर्ट परत देऊन पुढे गेले. इटलीतून बाहेर पडल्याचा शिक्का नव्हता. आमचा तो एकुलता प्रवेश अद्याप शाबूत होता.

पॅरिसमध्ये दोन दिवस आम्ही पाव व चीज खाऊन काढले. तिसऱ्या संध्याकाळी शहरालगतच्या वनातील तळावर जाऊन फाटकापाशी बसलो. बस दीड तास उशिरा आली. चढून पाहतो तो फळ्यावरील यादीत तिन्ही दिवस आमचे नाव होते, व त्या त्या दिवशीची आमची जागा रिकामी ठेवलेली होती. आम्ही दोन दिवस सुतारासाठी क्षमेचे शब्द जुळवीत होतो. तो मागच्या बाकावर गाढ झोपला होता. अखेर परतीच्या आगबोटीवर आम्ही त्यास गाठले व रोमच्या भाषणाचा विषय काढला. “कोणते भाषण?” तो म्हणाला. आम्ही आठवण करून दिली. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, “ते तू होतास काय?”

आल्प्समधील गोटहार्डचा मार्ग, ज्याने आमचे सोबती गेले, तो आम्ही अजून पाहिलेला नाही. त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला तेथील मोटारबोगद्यात दोन मालमोटारींची टक्कर होऊन आग लागली व 11 माणसे दगावली. लंडनमध्ये ते वृत्त वाचताना सदतीस चेहरे आमच्या डोळ्यांपुढून गेले.

तरुण मंडळीपैकी काहीजण अशा सहलींस जाण्याच्या तयारीत आहेत असे कळते, म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. आम्हांस अडविणारा नाका आता तसा राहिलेला नाही; स्वित्झर्लंड 12 डिसेंबर 2008 पासून शेंगेनमध्ये आले. परंतु तोच सापळा बाल्कन प्रदेशात शिल्लक आहे. क्रोएशिया 2023 पासून शेंगेनमध्ये आहे. शेजारचे बॉस्निया व मॉन्टेनेग्रो नाहीत. डुब्रोव्हनिकहून एका दिवसासाठी मॉन्टेनेग्रोत नेऊन परत आणणाऱ्या सहली पुष्कळ आहेत, आणि परत येणे हा दुसरा प्रवेश ठरतो. व्हिसावर तो लहान रकाना आजही आहे. घरी गेल्यावर पाहा.

त्या टोपीतील काही नाणी खर्ची पडली नाहीत. 28 फेब्रुवारी 2002 नंतर ती व्यवहारातून गेली, तेव्हा त्यांस काही मोल नाही. आज ती बरोबर आणली आहेत व येथे टेबलावर ठेवली आहेत. मुलांनी अवश्य हाताळावी. मात्र जाताना परत टेबलावर ठेवावी, एवढी विनंती आहे.