वस्तीतील ग्रंथालय : पायाभरणीपूर्वी थोडा विचार
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या वर्गणीतून मायदेशातील एका वस्तीत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावे ग्रंथालयाची इमारत उभारावी, असा ठराव आज आपल्यापुढे आहे. ठरावास माझा पाठिंबा आहे. सोबतच्या नकाशास नाही. त्या नकाशात सात पायऱ्या, भव्य कमान, प्रशस्त सभागृह आणि एका कोपऱ्यात पुस्तकांची खोली दाखविली आहे. अशी एक वास्तू मी पाहिली आहे. तिची कोनशिला झळकते, सभागृह लग्नकार्यांना भाड्याने जाते आणि कपाटाची किल्ली ज्यांच्यापाशी असते ते गृहस्थ नेमके परगावी गेलेले असतात.

1924 साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वाचनालये काढणे हे आपल्या उद्दिष्टांत नमूद केले होते. पुढे बाबासाहेबांनी दादरला 'राजगृह' बांधले, तेही मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहासाठी. ग्रंथ आधी होते. त्यांच्या गरजेतून वास्तू झाली. आपण मात्र वास्तूपासून आरंभ करू पाहत आहोत.

या देशातील एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. टोकियोच्या पश्चिमेस हिनो नावाचे शहर आहे. 1965 साली तेथील नगर ग्रंथालय सुरू झाले, तेव्हा त्याला वाचकांसाठी इमारतच नव्हती. होती ती पुस्तकांनी भरलेली एक गाडी, 'हिमावारी' म्हणजे सूर्यफूल या नावाची. ग्रंथालयाचे प्रमुख त्सुनेओ माएकावा यांचा आग्रह असा की, पुस्तक माणसाच्या दाराशी न्यावे आणि घरी वाचावयास द्यावे. पुढच्या वर्षी मुलांसाठी ग्रंथालय निघाले ते सेवेतून काढलेल्या ट्रामच्या डब्यात! मध्यवर्ती इमारत झाली 1973 मध्ये. तोवर लोक काय वाचतात, कोठून येतात, याचा आठ वर्षांचा अनुभव गाठीशी होता. वास्तुशिल्पी अझुसा कितो यांना रिकाम्या कागदावर कल्पना रंगवावी लागली नाही.

माएकावांनी आणखी एक धाडस केले. तोवर जपानी ग्रंथालये म्हणजे बहुतांशी परीक्षार्थींनी स्वतःची पुस्तके घेऊन बसण्याच्या जागा होत्या. हिनोने तशी अभ्यासाची खोली ठेवलीच नाही. सारा भर पुस्तके घरी देण्यावर ठेवला. येथे मात्र मी त्यांच्यापासून थोडा वेगळा होतो. मुंबईच्या बी.डी.डी. चाळींतील खोली 160 चौरस फुटांची असे. तिच्यात अख्खे कुटुंब राही. बाबासाहेबांचे विद्यार्थिदशेतील वाचनही चाळीतल्या खोलीत, घर निजल्यानंतरच्या प्रहरांत झाले. आपल्या मुलांना शांत जागा द्यावीच लागेल. परंतु अभ्यासिकेला स्वतंत्र दार असावे. नाहीतर स्पर्धापरीक्षेची मुले सगळ्या खुर्च्या व्यापतात, 'बोलू नका' अशी पाटी लागते आणि चित्रांचे पुस्तक मोठ्याने वाचणारे सहा वर्षांचे पोर बाहेर काढले जाते.

मुख्य दालन रस्त्याच्या पातळीवर असावे. ज्यांच्या वाडवडिलांना उंबऱ्याबाहेर उभे केले गेले, त्यांच्या ग्रंथालयाला सात पायऱ्या कशासाठी? रस्त्यावरून आतले कपाट दिसावे, पाणवठ्यावरून परतणाऱ्या बाईला वाटेत डोकावता यावे. दवाखान्यातला माझा अनुभव असा की, अंतर आणि अडचण वाढली की प्रथम स्त्रिया, म्हातारी माणसे आणि लहान मुले येईनाशी होतात. धडधाकट पुरुष मात्र येतच राहतात, आणि व्यवस्थापकांना वाटते, सर्व सुरळीत आहे. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह हवेच हवे. नकाशात ते नाही.

मांडण्या मुलाच्या हाताला येतील इतक्या ठेंगण्या, उघड्या आणि भिंतीला पक्क्या जखडलेल्या असाव्यात. 1995 चा कोबेचा भूकंप आपण विसरलो नाही. 1993 चे किल्लारी तर आपल्याच महाराष्ट्रातले. उन्हाची तिरीप आणि पावसाची झड पुस्तकांवर येऊ नये म्हणून पश्चिमेच्या खिडक्यांना रुंद छज्जा द्यावा. कमानीचा खर्च वाचला तर छज्जा सहज होईल.

आता पैशाचा प्रश्न. जपानच्या 1950 च्या ग्रंथालय कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांना वाचकाकडून शुल्क घेण्यास मनाई केली आहे. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. त्याची भिस्त मुख्यतः संस्थांना अनुदान देण्यावर आहे, आणि संस्था सभासदांकडून वर्गणी व अनामत घेतात. ती रक्कम आपल्याला क्षुल्लक वाटेल. रोजंदारीवरच्या बापाला ती पोराच्या पुस्तकापायी अडकवून ठेवणे परवडत नाही. म्हणून अनामत आपण येथून भरावी.

माझी उपसूचना अशी आहे. पायाभरणी दोन वर्षे पुढे ढकलावी. तोवर बुद्धविहारातील एक भिंत मागून घ्यावी, तेथे पुस्तके उघड्यावर मांडावीत आणि वस्तीतील एखाद्या शिकलेल्या मुलीस ग्रंथपाल नेमून तिला दरमहा वेतन द्यावे. मानधन नव्हे, वेतन. कोण आले, काय नेले, काय मागितले आणि मिळाले नाही, हे तिने वहीत नोंदवावे. दोन वर्षांनी ती वही वास्तुशिल्पकारापुढे ठेवू, आणि नकाशावर पहिली सही तिची घेऊ.