स्वतःचा परिचय : स्तुती नव्हे, हिशेब
(वडोदरा येथील गणेशोत्सवात युवक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



गेली काही वर्षे मी नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्यांत बसत आलो आहे. पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "स्वतःबद्दल काही सांगा." विषयाची तयारी करून आलेली हुशार मुलेही नेमकी इथेच अडखळतात. आपली मराठी मुले तर जरा जास्तच.

नाव, मूळ गाव, वडिलांची नोकरी, भावंडे किती, छंद वाचन आणि संगीत. संपला परिचय! यातले निम्मे अर्जातच लिहिलेले असते आणि उरलेल्यावरून कामाचे काही कळत नाही. विचारणाऱ्याला तीनच गोष्टी हव्या असतात : आज तुम्ही काय करता, आजवर काय करून दाखवले, आणि ही जागा तुम्हाला का हवी आहे.

असे का होते? आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. समर्थांनीही दासबोधात, दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात, आत्मस्तुती हे मूर्खाचे लक्षण सांगितले आहे. पण त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगत बसणाऱ्यालाही त्यांनी त्याच पंक्तीत बसवले आहे! पहिले टाळण्याच्या नादात आपण दुसऱ्यात अडकतो.

मित्रहो, स्तुती वेगळी आणि माहिती वेगळी. "मी मेहनती आहे, माझ्यात नेतृत्वगुण आहेत" ही झाली स्तुती. आता हे ऐका : "मी बी.कॉम. केले आहे. दोन वर्षे आमच्या गणेशोत्सवाची वर्गणी आणि खर्च मी सांभाळला. १४० घरांच्या पावत्या होत्या. रोजचा जमाखर्च मी त्याच रात्री लिहीत असे आणि विसर्जनानंतर आठवडाभरात ताळेबंद सभेपुढे ठेवला. हिशेबाच्या कामात मला गोडी आहे, म्हणून तुमच्या लेखा विभागासाठी अर्ज केला." यात बढाईचा एक शब्द नाही, पण माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. एवढे बोलायला मिनिटभर पुरते.

आणखी एक सवय सोडा. आपण म्हणतो, "मंडळाने केले," "आम्ही केले." व्यवहारात हा विनय शोभतो, पण नोकरी मंडळाला द्यायची नसते, तुम्हाला द्यायची असते. सगळ्यांचे श्रेय मान्य करून त्यात आपला वाटा कोणता, तेवढे "मी" म्हणून स्पष्ट सांगा.

गुजरातेत राहून आपण फाफडा आणि उंधियू आपलेसे केले. इथली एक म्हणही घेऊ या : 'बोले तेनां बोर वेचाय'. जो बोलतो, त्याची बोरे विकली जातात. मात्र बोरे आपल्याच टोपलीतली हवीत. तुम्ही जे सांगाल, त्यावरूनच पुढचे प्रश्न निघतात. न केलेले काम सांगितले, तर दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडाल. केलेले सांगितले, तर पुढचे प्रश्न तुमच्या माहितीतलेच येतील. आत्मविश्वास म्हणतात तो यातूनच येतो.

मुलांच्या संगोपनासाठी काही वर्षे नोकरी सोडलेल्या भगिनींनी तो खंड एका वाक्यात, न संकोचता सांगावा आणि लगेच आज काय येते त्यावर यावे.

केंद्र सरकारने गट 'क' आणि अराजपत्रित गट 'ब' पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या, म्हणून निर्धास्त राहू नका. नागरी सेवा परीक्षेत आजही २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत. खासगी नोकरीत तर मुलाखत टळत नाही.

तयारी सोपी आहे. मुद्दे लिहा, पाठ करू नका. मोठ्याने बोला, मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून स्वतः ऐका. इंग्रजी कच्चे असेल तर वाक्ये छोटी ठेवा.

शेवटी पालकांना विनंती. पाहुणे विचारतात, "काय रे, सध्या काय करतोस?" आणि उत्तर आई देते किंवा बाबा देतात. कृपया थांबा. मुलाला चाचरत का होईना, बोलू द्या. स्वतःबद्दल बोलण्याची पहिली संधी त्याला घरातच मिळते. ती आपण हिरावून घेऊ नये.