वसईच्या मातीचा एक जुना विद्यार्थी



मुलांनो, मघाशी तुमची कोळीनृत्यं पाहिली. त्यानंतर भाषण म्हणजे शिक्षाच, म्हणून थोडक्यात एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता.

1534 साली हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात उतरला. वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली तीही त्याच वर्षी. पुढे वसईच्या कारभाराखालचं मुंबई बेट त्याला खंडाने मिळालं. तिथल्या त्याच्या आंब्याला नाताळात आणि मे महिन्यात असे दोन बहर येत, हे त्यानेच लिहून ठेवलंय. 1563 साली गोव्यात त्याचा ग्रंथ छापला गेला. त्यात आंबा, फणस, सुपारी, विड्याचं पान आहे आणि तुमच्या वाडीतली केळसुद्धा आहे.

ग्रंथ संवादरूपात आहे. युरोपातून आलेला पुस्तकी पंडित रुआनो प्राचीन ग्रीक वैद्यांचे दाखले देतो. ओर्ता म्हणतो, मी इथे डोळ्यांनी पाहिलंय. मोठ्या नावांपुढे मान न तुकवणं त्या काळी सोपं नव्हतं. पण त्याच्या डोळ्यांना दिसलं ते दाखवणारे कोण होते? मलुपा नावाचा इथला हिंदू वैद्य, सांगितलेली वनस्पती आणून देणारी दासी अंतोनिया आणि कित्येक अनाम माळी, व्यापारी. चारच वर्षांत ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्पहून निघाला आणि युरोपभर वाचला गेला. नाव मात्र ओर्ताचं झालं.

त्याच्याही वाट्याला सुख आलं नाही. त्याचं घराणं मूळचं ज्यू. 1568 साली तो वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं. 1580 साली त्याची हाडं उकरून तीही जाळली. ग्रंथ तेवढा उरला, कारण तो छापून झाला होता.

आता वसईतल्या तुमच्या या गास गावाकडे पाहा. इथे आज वाड्या कमी होताहेत, बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची तळी, बुजताहेत. कुठला पाला कशावर लावायचा, कुठली केळ कुठल्या जमिनीत धरते, हे तुमच्या आजी-आजोबांच्या तोंडी आहे, कागदावर नाही. म्हणून एक काम सांगतो. प्रत्येक वर्गाने एक वही ठेवावी. झाडाचं गावातलं नाव, ते कुणाच्या वाडीत आहे, त्याचा उपयोग काय, हे लिहावं. आणि ओर्ताच्या माळ्यांच्या बाबतीत राहून गेलं ते तुम्ही करा : माहिती सांगणाऱ्याचं नाव प्रत्येक पानावर, सगळ्यात वर लिहा.