दामोदरचा पूर आणि बाबासाहेबांची दृष्टी
(जयंती समारंभातील भाषण)



बाबासाहेब म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चवदार तळे, संविधान आणि दीक्षाभूमी येते. दामोदर नदी सहसा येत नाही. आज आम्ही तिच्याविषयी चार शब्द बोलणार आहोत.

जुलै १९४३ मध्ये दामोदरला महापूर आला. बंगालमध्ये आधीच दुष्काळाने माणसे मरत होती. त्यात रेल्वेमार्ग वाहून गेला आणि कलकत्त्याचा उत्तर भारताशी संपर्क कित्येक आठवडे तुटला. ही नदी उगम पावे तत्कालीन बिहारमध्ये आणि बुडवी बंगालला. धरणे बांधावीत तर जमीन बिहारची जाणार, रक्षण बंगालचे होणार! शिवाय १९३५ च्या कायद्यानुसार पाणी हा प्रांतांचा विषय. केंद्राने नुसता हुकूम सोडून भागणार नव्हते.

त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. ३ जानेवारी १९४५ रोजी त्यांनी कलकत्त्यात केंद्र, बंगाल आणि बिहार यांच्या प्रतिनिधींना एकत्र बसविले. पूरनियंत्रण, सिंचन व वीज यांचा एकत्रित विचार मांडला. नमुना होता तो आपण आज राहतो त्या अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याचा. १९४८ मध्ये तिन्ही सरकारांच्या भागीदारीतून दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले.

परंतु आपण केवळ गौरव करून थांबू नये. नियोजित धरणांपैकी मोजकीच बांधली गेली. पाण्याखाली गेलेल्या जमिनींत आदिवासींच्या जमिनीही होत्या. सरकारे एकत्र आली, तरी शेवटच्या माणसाला त्या बैठकीत खुर्ची नव्हती.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राष्ट्रीय प्राधिकरण पंतप्रधानांच्या, राज्याचे मुख्यमंत्र्यांच्या आणि जिल्ह्याचे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ठेवले. त्याच कायद्याचे ६१ वे कलम सांगते की, मदत व भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम आपण पाठ करावे. गावाकडे पूर आला की आपण येथून निधी पाठवितो. त्याबरोबर एक प्रश्नही पाठवावा. दिल्ली, मुंबई आणि जिल्हा यांच्यातून निघालेली मदत गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत पोहोचली काय?

हा प्रश्न विचारीत राहणे, हेच बाबासाहेबांना खरे अभिवादन होय.

जयभीम! नमो बुद्धाय!