११ महिन्यांचा मुलुंडकर

एका हातात फोन, दुसऱ्या हातात लोकलची कडी, अशा अवस्थेत ऐकत असाल तर आधी नीट धरून उभे राहा. आज माझ्या गावाबद्दल बोलायचंय. माझं म्हणजे, करार आहे तोवर माझं.

मुलुंड. महापालिकेच्या भाषेत टी वॉर्ड. पुढचं स्टेशन ठाणे, म्हणजे मुंबई इथे संपते. २०११च्या जनगणनेत या एका वॉर्डात साधारण ३ लाख ४० हजार माणसं होती, तेव्हाच्या परभणी शहरापेक्षा जास्त. त्यामुळे मी याला उपनगर न म्हणता गावच म्हणतो. इथली जुनी माणसंही दादरला निघाली की 'जरा मुंबईला जाऊन येतो' असंच सांगतात.

आणि गाव देखणं आहे, बरं का. १९२२ मध्ये क्राउन अँड कार्टर या वास्तुकारांनी त्याचा आराखडा काढला. म्हणून पश्चिमेला स्टेशनबाहेर पडलात की रस्ते एकमेकांना काटकोनात छेदत जातात. आपल्याकडे हे दुर्मीळच. पाच रस्त्यावर थोडा गोंधळ होतो, पण तो मुलुंडकरांच्या लाडाचा गोंधळ. मागे येऊरचा डोंगर. नाटक बघायचंय? कालिदास. पोहायचंय? त्याच आवारात तलाव. वाचायचंय? महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय. पूर्वेला वझे-केळकर कॉलेज. रविवारी घरून चालत निघायचं, नाटक बघायचं आणि चालत घरी यायचं. हे सुख मुंबईत किती जणांच्या वाट्याला येतं?

मी आणि बायको पाच वर्षं हे सुख घेतोय. मुलुंड पूर्वेला, तीन मजल्यांच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, लिव्ह अँड लायसन्सवर. म्हणजे दर ११ महिन्यांनी नवा करार, पुन्हा अंगठे, पुन्हा फोटो. पाच वर्षांतलं हे आमचं दुसरं घर. आता तिसरं शोधतोय, कारण आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय.

आता गंमत नीट ऐका. बिल्डिंग पाडायची की नाही, हे सोसायटीचे सभासद ठरवतात. पूर्वी ७५ टक्के सभासदांची संमती लागायची. २०१९ च्या शासन निर्णयाने ती ५१ टक्क्यांवर आणली. सभासद म्हणजे मालक. भाडेकरू त्या हिशोबात येतच नाही. आमच्या वरच्या काकू म्हणाल्या, "तू पण ये ना रे मीटिंगला. चहा तरी पी." मी गेलो. चहा प्यायलो.

यात कुणी खलनायक नाही. काकू तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, दोन्ही गुडघे गेलेत. आठ-आठ दिवस त्या खाली उतरत नाहीत. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर जाते. मला मत असतं तर मी हात वर केलाच असता.

अडचण त्याच्या पुढची आहे. बिल्डिंग पाडली की नवी होईपर्यंत बिल्डर प्रत्येक मालकाला भाडं देतो. ती सगळी कुटुंबं घर कुठे शोधणार? मुलुंडमध्येच! पोरांची शाळा इथे, डॉक्टर इथे, कट्टा इथे. एकाच वेळी गल्लीतल्या तीन-चार बिल्डिंगा पडल्या की भाडी चढलीच. आणि त्याच घरासाठी रांगेत आम्हीही उभे. त्यांचं भाडं बिल्डर भरणार, आमचं पगारातून जाणार. या रांगेत कोण मागे पडणार, हे सांगायला अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही.

भाड्याखेरीज आणखीही गाळण्या असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंड पश्चिमेला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्यावर खूप आरडाओरडा झाला, व्हायलाच हवा होता. पण पैशाची गाळणी रोज चालते आणि तिचा व्हिडिओ कुणी काढत नाही. माझा एक मित्र इथेच जन्मला, इथेच शिकला. आईवडील दोन खोल्यांत, लग्न ठरलं, घर घेतलं ते बदलापूरला. दर रविवारी तो मुलुंडला पाहुण्यासारखा येतो. मालकाच्या मुलाची ही गत, तर आमचं काय?

'मग ठाण्याला जा ना, नाका ओलांडला की झालं,' असं सगळे सांगतात. खरंय. १४ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपासून, २०२४ ची गोष्ट, हलक्या गाड्यांचा टोलही गेला. पण आमच्याकडे गाडी नाही, त्यामुळे त्या आनंदात आम्हाला फार भाग घेता आला नाही. आणि नाक्यापलीकडेही भाडी काही आमची वाट बघत बसलेली नाहीत.

सध्या आम्ही कळव्याला घरं बघतोय. काकूंना मात्र घर मिळालं. मिठागर रोडला, पहिला मजला, लिफ्टसुद्धा आहे. त्यांनी हौसेने फोटो दाखवले. स्वयंपाकघराच्या हिरव्या फरश्या मी लगेच ओळखल्या. मागच्या महिन्यात आम्ही तोच फ्लॅट बघून आलो होतो. तीन हजारांनी राहिला. काकूंना मी सांगितलं, "खिडकीतून वारा छान येतो."