दोघांनी मिळून ठरवायची गोष्ट

दादांनो, मागे उभे राहू नका, पुढे या. कुटुंब कल्याणाचा विषय निघाला की पुरुषमाणूस तंबाखू मळायला बाहेर जातो, असा आमचा नेहमीचा अनुभव आहे. आज तसं करू नका.

गडचिरोली जिल्ह्यातली एक खरी हकीकत सांगते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या रोगी स्त्रिया नव्हेत, गावात राबणाऱ्या, तुमच्या-आमच्यासारख्या. १९८९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग निघाला. आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या किती? शंभरात अवघ्या ८. बाकीच्यांनी सगळं अंगावर काढलं. पांढरं जातंय, कंबर धरतेय, पाळीत पोट दुखतंय, हे सांगायचं कुणाला? सासूला सांगावं तर ‘आम्हाला नव्हतं का हे?’ आणि नवऱ्याला सांगायची लाज.

अशा दुखऱ्या अंगावर एकामागून एक बाळंतपणं येतात. एक पीक निघालं की दुसऱ्याआधी आपण रानाची मशागत करतो, खत घालतो. बाईच्या शरीराला मात्र तेवढीही उसंत देत नाही! बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी निदान दोन वर्षे जाऊ द्यावीत. त्यासाठी निरोध आहे, तांबी आहे, गोळ्या आहेत, दर तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आहे. सरकारी दवाखान्यात हे मोफत मिळते. शेजारणीला जे मानवलं ते तुम्हाला मानवेलच असं नाही. आधी तपासून घ्या.

आता, मुलं पुरे झाली. मग ऑपरेशन कुणाचं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीचा हिशेब ऐका. देशात दर हजार विवाहित जोडप्यांमागे सुमारे ३८० ठिकाणी बायकोचं ऑपरेशन झालेलं, आणि नवऱ्याचं फक्त तिघांचं. वास्तविक बाईच्या पोटाला छेद द्यावा लागतो. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून थोड्या वेळात होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो. दोन दिवस विश्रांती घ्यावी, आठवडाभर जड ओझं उचलू नये, सायकल चालवू नये, एवढंच. ‘ताकद जाते’ म्हणतात ते खोटं. नळी बंद केल्यामुळे वीर्यात बीज उतरत नाही, बाकी काही बदलत नाही. मात्र पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. हे न केल्यामुळे दिवस राहिले तर बायकोवर संशय घेऊ नका.

काही म्हाताऱ्या माणसांच्या मनात १९७६ सालची धरपकड अजून आहे. ती भीती खोटी नव्हती. तेव्हा सक्ती झाली. आता तुमच्या राजीखुशीच्या सहीशिवाय कुणीही हात लावू शकत नाही. नाही म्हणायचा तुम्हाला पुरा हक्क आहे.

भाषणानंतर नर्सबाई आतल्या खोलीत बसतील. बायकांनी पडदा ओढून मोकळेपणी बोलावं. पुरुषांसाठी आरोग्यसेवक ओसरीवर आहेत. जोडीने आलात तर आधी तुमचा नंबर लावू.