शिवी नाही, तरी फसवणूक

१६ मे २०१४ रोजी रायगड लोकसभेचा निकाल लागला आणि शिवसेनेचे अनंत गीते २,११० मतांनी निवडून आले. हरले रोह्याचे सुनील तटकरे. पण यादीत सुनील तटकरे एकच नव्हते. त्याच नावाचा एक अपक्ष उभा होता आणि त्याला ९,८४९ मतं पडली होती. ती सगळी चुकून पडली, असं छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. नाव सारखं असणं हा गुन्हा नाही, आणि अपक्षाला उभं राहण्याचा हक्क इतरांइतकाच आहे. तरीही विजयाच्या फरकाच्या साडेचारपटीहून जास्त मतं त्या नावाला मिळतात, तेव्हा मतदारांची गफलत झालीच नाही असं म्हणायलाही धाडस लागतं.

त्या निवडणुकीत तटकऱ्यांवर टीकेची झोड उठली होती, हेही खरं. ते तेव्हा जलसंपदा मंत्री होते आणि सिंचनाचा मुद्दा विरोधकांनी लावून धरला होता. दहा वर्षांत राज्याचं सिंचनक्षेत्र जेमतेम ०.१ टक्का वाढल्याचं २०११-१२च्या सरकारी आर्थिक पाहणीतून समोर आलं. पुढे नोव्हेंबर २०१२मध्ये सरकारनंच श्वेतपत्रिका काढली आणि वाढ ५.१७ टक्के असल्याचं सांगितलं. विरोधकांनी पहिला आकडा उचलला, सत्ताधाऱ्यांनी दुसरा. दोन्ही सरकारी कागदांतले. हा नकारात्मक प्रचार होता आणि त्यात वावगं काही नव्हतं. पेणकरांना तर त्याची झळ घरची, कारण बाळगंगा धरण त्यांच्याच तालुक्यातलं. त्या कामाबद्दल लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं २०१५मध्ये अभियंते आणि ठेकेदारांवर गुन्हा नोंदवला. धरणाचा पैसा कुठे मुरला, हे विचारणं म्हणजे चिखलफेक नव्हे.

 

टीकेचा प्रचार आपल्याकडे नवा नाही. १९६७मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या बड्या नेत्यासमोर जॉर्ज फर्नांडिस उभे राहिले. ‘तुम्ही पाटलांना हरवू शकता’ एवढाच त्यांच्या पोस्टरचा आशय. पाटील हरले. २०१४च्या विधानसभेला भाजपनं ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?’ अशी जाहिरात घराघरांत पोचवली. तिची टिंगलही भरपूर झाली आणि पुढे तोच प्रश्न भाजपलाच विचारला गेला. बोचरी जाहिरात अशी उलटवता येते, कारण ती उघड असते.

एप्रिल २०१९मध्ये तर टीकेनंच जाहिरातीची झडती घेतली. मनसेचा एकही उमेदवार रिंगणात नसताना राज ठाकरे ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत राज्यभर फिरले. रायगडातही, महाडला, सभा झाली. मेळघाटातलं हरिसाल हे डिजिटल गाव असल्याची जाहिरात त्यांनी पडद्यावर दाखवली आणि त्या जाहिरातीत झळकलेल्या तरुणालाच व्यासपीठावर उभं केलं. भाजपनंही आपले व्हिडिओ काढून उत्तर दिलं. मतदाराला दोन्ही बाजू पाहता आल्या. ठाकऱ्यांची भूमिका पुढे बदलली, पण जाहिरात कशी तपासावी याचा तो वस्तुपाठ होता.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१चं कलम १२३(४) उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दल किंवा उमेदवारीबद्दल जाणूनबुजून खोटं विधान करणं हा भ्रष्ट मार्ग ठरवतं. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका करता येते आणि आरोप सिद्ध झाला तर निवडणूक रद्द होऊ शकते. राजस्थानातल्या एका खटल्यात उमेदवाराला चोरांचा सरदार म्हणणाऱ्या कवितेवरूनही सर्वोच्च न्यायालयानं भ्रष्ट मार्गावर बोट ठेवलं होतं. म्हणजे उमेदवाराच्या अब्रूला संरक्षण आहे. मतदाराला मात्र नाही. अपुऱ्या धरणाला कोणी पूर्ण म्हटलं, तर त्यात कोणाचं खासगी चारित्र्य येत नाही, म्हणून हे कलम लागत नाही. टूथपेस्टच्या खोट्या दाव्याविरुद्ध जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार करता येते. राजकीय जाहिरात तिच्या कक्षेबाहेर.

प्रचाराच्या पत्रकावर, बहुधा तळाशी छापलं जाणारं मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता त्याच कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे सक्तीचं आहे. न छापल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बारीक अक्षरांतली ती ओळ महत्त्वाची, कारण आरोप करणारा तिथे सापडतो. व्हॉट्सॲपवरच्या निनावी चित्रफितीला तळच नसतो.

नामसाधर्म्यावर उपाय म्हणून निवडणूक आयोगानं १ मे २०१५पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो आणला. तरी २०२४मध्ये रायगडच्या यादीत अनंत गीत्यांबरोबर आणखी अनंत गीते होते. त्याच वर्षी साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. त्यांची निशाणी ‘तुतारी वाजवणारा माणूस’, आणि नुसती ‘तुतारी’ मिळालेल्या अपक्षाला ३७,०६२ मतं. दिंडोरीत तर भगरे सर नावाच्या उमेदवारासमोर दुसरे भगरे सर, तेही तुतारीवर, आणि त्यांना एक लाखाहून अधिक मतं. निशाणी आयोगच देतो, त्यामुळे इथे सगळा दोष उमेदवाराच्या माथी मारता येत नाही. मे २०२४मध्ये नामसाधर्म्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, तेव्हा आईवडिलांनी ठेवलेल्या नावामुळे कोणाला निवडणूक लढवण्यापासून रोखायचं कसं, असं विचारून न्यायालयानं याचिका ऐकायला नकार दिला. कायद्याच्या अंगानं ते रास्तच.

पण म्हणूनच नकारात्मक प्रचाराच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी थोडं थांबावं. शिव्यांना उत्तर देता येतं, आकड्यांना आकड्यांनी खोडता येतं. जिथे कोणी कोणाला एक शब्द बोलत नाही, फक्त नाव आणि निशाणीचा घोळ घातला जातो, तिथे उत्तर द्यायचं कोणाला? आचारसंहितेच्या चर्चेत वाचाळ भाषणांना मिळणारा वेळ या घोळाला मिळायला हवा. तोवर पेण-रोह्याच्या मतदारांना एकच विनंती: मतदान केंद्राबाहेर उमेदवारांची यादी लावलेली असते. आत जाण्यापूर्वी ती वरपासून खालपर्यंत वाचा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही वाचून दाखवा.